मनाचा कौल

न्याय-वैशेषिकांच्या ग्रंथांत ज्ञानाच्या साधनांची गंभीर चर्चा चालली असतां मध्येंच एक लहान मुलगी डोकावून जाते. आपला भाऊ उद्यां येणार, असें आपलें मन आपल्याला सांगत आहे, एवढेंच तिचें म्हणणें. तिला पत्र आलेलें नाहीं, कोणाचा निरोप नाहीं, वाटेवर भावाला कोणीं पाहिलेलेंहि नाहीं. अशा जाणिवेला शास्त्रकारांनीं प्रातिभज्ञान असें नांव दिलें. तें ज्ञान बहुधा देवांना व ऋषींना होतें, क्वचित् सामान्य माणसालाहि होतें, असें सांगतांना प्रशस्तपादाला ही घरांतली मुलगी आठवली, आणि तेव्हांपासून ती त्या शास्त्रांत वावरत आहे. या उदाहरणांत मनाचा कौल आहे आणि त्या कौलाची परीक्षाहि आहे. उद्यांचा दिवस उजाडेल; भाऊ येईल किंवा येणार नाहीं.

कालिदासाच्या दुष्यंतानें हाच मार्ग धरला होता. कण्वाच्या आश्रमांत शकुंतला प्रथम दृष्टीस पडली, तेव्हां ती क्षत्रियाला वरण्यास योग्य कीं अयोग्य हें ठरविण्यास त्याच्याजवळ कांहींच साधन नव्हतें. त्यानें आपल्या अंतःकरणाच्या ओढीलाच साक्षीला बोलावलें, आणि ती साक्ष खरी ठरली. पण त्याच नाटकाच्या पांचव्या अंकांत तीच शकुंतला राजसभेंत समोर उभी असतां तेंच अंतःकरण तिला ओळख देत नाहीं. तेथें शाप आडवा आला हें खरें. तरी एकदां खरा ठरलेला कौल दुसऱ्या वेळीं उपयोगी पडेलच असें नाहीं, ही गोष्ट उरतेच. धर्माचीं चार प्रमाणें सांगतांना मनुस्मृतीनें मनाच्या समाधानाला स्थान दिलें आहे. मात्र वेद, स्मृति आणि सदाचार हीं तीन आधीं सांगून मग तें चौथें सांगितलें आहे.

क्षणार्धांत होणाऱ्या निर्णयांविषयीं अलीकडे दोन पुस्तकें फार वाचलीं गेलीं. मॅल्कम ग्लॅडवेल यांचें 'ब्लिंक' २००५ सालीं प्रसिद्ध झालें आणि डॅनियल कानेमन यांचें 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' २०११ सालीं. पहिल्यांत पहिल्या दृष्टिक्षेपाच्या सामर्थ्याचे चमत्कार अधिक आहेत, त्याच्या धोक्यांचींहि उदाहरणें आहेत. दुसऱ्यांत घाईनें चालणारी बुद्धि कोठें व कशी घसरते याचा हिशेब आहे. एखाद्या वाचनमंडळांत हीं पुस्तकें जोडीनें चर्चेला घेतलीं, तर चहा येईपर्यंत सभेचे दोन पक्ष पडतात. मनाला पहिल्यांदा वाटलें तेंच खरें, असें एकाचें म्हणणें. थांबून, कागदावर मांडून मगच ठरवावें, असें दुसऱ्याचें. दोघांजवळ स्वतःच्या आयुष्यांतले दाखले असतात आणि ते दाखले खोटे नसतात. मग वाद मिटावा कसा?

तो मिटविण्यास लागणारी सामग्री दूरदेशीं शोधावी लागत नाहीं. पुण्याहून बंडगार्डनजवळचा पूल ओलांडला कीं नदीपलीकडे येरवडा लागतो. तेथला तुरुंग १८७१ सालचा. या तुरुंगाशीं निगडित असे तीन निर्णय १९२४ ते १९३३ या काळांत झाले. तिन्ही निर्णय वेळेच्या अथवा मनाच्या विलक्षण दाबाखालीं झाले, आणि तिहींच्या मध्यभागीं एकच बंदिवान होता: मोहनदास करमचंद गांधी. निर्णय घेणारे मात्र वेगवेगळे होते. पहिल्या वेळीं एक शल्यवैद्य, दुसऱ्या वेळीं एक कायदेपंडित लोकनायक, आणि तिसऱ्या वेळीं स्वतः तो बंदिवान. हे तीन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले, तर मनाच्या कौलावर विश्वास केव्हां ठेवावा याचा पुष्कळसा उलगडा होतो.

पहिला प्रसंग १९२४ सालचा. १८ मार्च १९२२ रोजीं अहमदाबाद येथें गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि त्याच महिन्यांत त्यांना येरवड्यास आणलें होतें. १९२४ च्या जानेवारींत त्यांचें पोट दुखूं लागलें व तापहि येऊं लागला. दुखणें आंत्रपुच्छाच्या दाहाचें ठरलें. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें. मुंबईचे आपल्या विश्वासांतले डॉक्टर यावेत अशी गांधींची इच्छा होती. पण त्यांची वाट पाहण्याइतकी सवड दुखण्यानें ठेवली नाहीं. कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्यानें त्याच रात्रीं शस्त्रक्रिया करण्याचें ठरविलें. ती रात्र १२ जानेवारीची.

या निर्णयाचें ओझें केवढें होतें, तें त्या काळाकडे पाहिल्याशिवाय समजणार नाहीं. पेनिसिलिनचा शोध लागण्यास अद्यापि चार वर्षें होतीं, आणि तें औषध म्हणून हातीं येण्यास तर त्याहून पुष्कळच. पोटाच्या आंत डोकावणारीं ध्वनिलहरींचीं यंत्रें नव्हतीं. आंत्रपुच्छ फुटून पू पोटांत पसरला, तर रोगी हातचा जाण्याचाच संभव अधिक. उलट निदान चुकीचें ठरलें आणि चोपन्न वर्षांचा तो कृश देह शस्त्रक्रियेंत दगावला, तर सरकारी डॉक्टरानें सरकारच्या कैद्याला मारलें असा बोभाटा देशभर झाला असता. ही शंका दोन्ही पक्षांना दिसत होती. म्हणूनच श्रीनिवास शास्त्री व डॉ. फाटक यांना रुग्णालयांत बोलावून घेण्यांत आलें, आणि डॉक्टरांवर आपला पूर्ण विश्वास आहे अशा आशयाच्या निवेदनावर गांधींनीं सही केली. शस्त्रक्रिया चालू असतां विजेचे दिवे गेले व शेवटचें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. रोगी वांचला. ५ फेब्रुवारीला सरकारनें त्याची बिनशर्त सुटका केली.

मॅडॉक यांचा निर्णय त्वरेचा होता. पण तो पोरकट घाईचा नव्हता. आंत्रपुच्छाच्या दुखण्याची ओळख वैद्यकाला पटून तेव्हां सुमारें चाळीस वर्षें झालीं होतीं. फिट्झ यांनीं १८८६ सालीं त्या दुखण्याचें स्वरूप मांडलें होतें. मॅकबर्नी यांनीं १८८९ सालीं पोटाच्या उजव्या बाजूचा नेमका दुखरा बिंदु सांगितला होता. अशा रोग्यांना तपासून, पोट उघडून, निदान खरें कीं खोटें हें प्रत्यक्ष पाहण्याचें शिक्षण शल्यवैद्याला रोजच्या कामांतच मिळत असतें. पोट उघडल्यावर तासाभरांत उत्तर हातीं येतें. बरोबर आलेलें उत्तर मनांत ठसतें, आणि चुकलेलें तर अधिकच ठसतें. वर्षानुवर्षें असें घडलें, म्हणजे पुढच्या रोग्याच्या पोटावर हात ठेवतांच जें वाटतें, तें मागच्या सगळ्या रोग्यांचें एकवटलेलें ज्ञान असतें.

हें केवळ कल्पनेनें म्हणण्याची आतां गरज राहिलेली नाहीं. बुद्धिबळपटूंच्या अभ्यासानें त्यावर चांगला प्रकाश पडला. हॉलंडचे आद्रियान द ग्रूट यांनीं १९४६ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला. पुढें १९७३ सालीं विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनीं अमेरिकेंत तोच प्रयोग अधिक काटेकोरपणें केला. खऱ्या डावांतला पट पांच सेकंद दाखवून झांकला. मुरलेल्या खेळाडूनें बहुतेक सोंगट्या पुन्हां जागच्या जागीं मांडल्या. नवख्याला चार-पांचच आठवल्या. मग त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून दाखविल्या. आतां मुरलेल्या खेळाडूची स्मृति नवख्याइतकीच दुबळी ठरली! म्हणजे त्याची स्मरणशक्ति मुळांत असामान्य नव्हती. हजारों डावांतून ओळखीच्या झालेल्या मांडण्या त्याला दिसत होत्या, आणि मांडणी ओळखतांच योग्य चालहि आपोआप सुचत होती. सायमन यांनीं अंतःस्फूर्तीची उकल ओळखणें या एका क्रियेंत केली. मूल जसें आईचा चेहरा ओळखतें आणि कां ओळखलें तें सांगूं शकत नाहीं, तसेंच तज्ज्ञाचें.

गॅरी क्लाइन यांनीं आगीच्या बंबावरील नायकांचा अभ्यास केला, तेव्हां त्यांनाहि हेंच आढळलें. त्यांनीं नोंदलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका घराच्या मागच्या बाजूस स्वयंपाकघरांत आग लागलेली. पाण्याचा मारा चालू. पण आग विझेना. आग लहान दिसत होती, मात्र खोली तिच्या मानानें फारच तापली होती आणि भोंवतीं चमत्कारिक शांतता होती. नायकाला एकाएकीं अस्वस्थ वाटलें. त्यानें माणसांना बाहेर पडण्याचा हुकूम दिला, आणि ती बाहेर पडतांच पायांखालची जमीन कोसळली. खरी आग तळघरांत होती. आपल्याला कांहीं अतींद्रिय शक्ति आहे, असा त्या नायकाचा समज झाला होता. वस्तुतः शेंकडों आगींनीं त्याला जें शिकविलें होतें, त्यांत ही आग बसत नव्हती. आणि हें न बसणें त्याच्या मनाला त्याच्या बुद्धीच्या आधीं कळलें.

दुसरा प्रसंग १९३२ च्या सप्टेंबरांतला. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनीं ऑगस्टमध्यें जातीय निवाडा जाहीर केला व त्यांत अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधींनीं येरवड्याच्या तुरुंगांत २० सप्टेंबरच्या दुपारपासून प्राणांतिक उपोषण आरंभिलें. त्यानंतरचे चार दिवस पुण्यांत झालेल्या वाटाघाटी म्हणजे घड्याळाशीं चाललेली झुंज होती. एका बाजूस मालवीय, सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद आदि मंडळी. दुसऱ्या बाजूस मुख्यतः डॉ. भीमराव आंबेडकर. बासष्ट वर्षांच्या उपोषित माणसाची प्रकृति दिवसेंदिवस ढासळत होती. त्याचा अंत झाला, तर त्याचा दोष खेड्यापाड्यांतल्या निराधार अस्पृश्यांच्या माथीं मारला जाईल आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागेल, ही भीति पोकळ नव्हती. आपल्याइतक्या कठीण पेंचांत क्वचितच कोणी सांपडला असेल, अशी भावना आंबेडकरांनीं पुढें बोलून दाखविली. २४ सप्टेंबरच्या सायंकाळीं करारावर सह्या झाल्या. सरकारची मान्यता आल्यावर २६ तारखेस, रवींद्रनाथ ठाकूर जवळ असतां, गांधींनीं उपोषण सोडलें.

या करारानें स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या ऐवजीं संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. प्रांतिक विधिमंडळांत अशा १४८ जागा ठरल्या, म्हणजे निवाड्यांत होत्या त्याच्या सुमारें दुप्पट. प्रत्येक राखीव जागेसाठीं आधीं केवळ अस्पृश्य मतदारांनीं चार उमेदवार निवडावयाचे आणि मग त्यांतून सर्वांनीं मिळून एक, अशी योजना झाली. ही प्राथमिक निवडणूक जास्तींत जास्त दहा वर्षें चालावयाची होती. इतकीं बारीक कलमें चार दिवसांत ठरलीं कशीं? त्याचें उत्तर त्या चार दिवसांत सांपडत नाहीं. त्याआधींच्या तेरा वर्षांत सांपडतें. आंबेडकरांनीं १९१९ सालीं साउथबरो समितीपुढें साक्ष दिली होती. १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें त्यांनीं संयुक्त मतदारसंघांत राखीव जागांचीच मागणी मांडली होती, आणि प्रौढ मताधिकार मिळणार नसेल तर स्वतंत्र मतदारसंघ हवेत असेंहि सांगितलें होतें. गोलमेज परिषदेंत त्यांनीं दुसऱ्या मार्गाचा पुरस्कार केला. तात्पर्य, दोन्ही वाटा त्यांनीं पूर्वींच पायांखालीं घातल्या होत्या. त्यामुळें एक वाट बंद होत आहे असें दिसतांच दुसरीवर नेमकें काय मागावयाचें, हें त्यांना तत्क्षणीं सांगतां आलें. मसलतींत घाई होती. मागणींत घाई नव्हती.

तरीहि हा प्रसंग पहिल्यासारखा नाहीं. शल्यवैद्याला तासाभरांत उत्तर मिळतें. राजकीय कराराचें उत्तर दशकांनीं येतें, आणि तेंहि एकमुखी नसतें. स्वतः आंबेडकरांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या, काँग्रेस व गांधी यांनीं अस्पृश्यांसाठीं काय केलें याचा जाब विचारणाऱ्या ग्रंथांत या करारावर कडक टीका केली, आणि त्याचें बरेंवाईट आजहि इतिहासाच्या अभ्यासकांत वादाचें आहे. दुसरें असें कीं, असा पेंच माणसाच्या आयुष्यांत एकदांच येतो. शंभर करार करून हात बसवावा, अशी सोय तेथें नसते. म्हणून अशा वेळीं मनाला काय वाटतें याहून पूर्वीं काय अभ्यासिलें आहे, यावरच सगळी भिस्त असते. आणि तो अभ्यासहि माणसाला धाकाच्या ओझ्यांतून पूर्णपणें सोडवूं शकत नाहीं.

तिसरा प्रसंग सर्वांत अवघड. १९३३ च्या एप्रिलच्या अखेरीस, त्याच तुरुंगांत, गांधींच्या मनांत एका रात्रीं विलक्षण कालवाकालव झाली. आपल्याला अंतर्नाद ऐकूं आला, त्यानें एकवीस दिवसांचा उपवास करण्यास सांगितलें आणि त्यानंतर मन शांत झालें, असें त्यांनीं पुढें 'हरिजन' पत्रांत लिहिलें. ३० एप्रिलला त्यांनीं संकल्प जाहीर केला. अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यांतील आपली व सहकाऱ्यांची शुद्धि हा हेतु त्यांनीं सांगितला. हा उपवास कोणाविरुद्ध नव्हता. राजगोपालाचारी यांच्यासारख्या निकटच्या सहकाऱ्यानेंहि त्यांना परावृत्त करून पाहिलें, पण व्यर्थ. ८ मे रोजीं दुपारीं उपवास सुरू झाला. त्याच दिवशीं सरकारनें त्यांना मुक्त केलें, आणि येरवड्याच्याच टेकडीवरील लेडी ठाकरसी यांच्या 'पर्णकुटी' बंगल्यांत २९ मे रोजीं तो निर्विघ्न पार पडला.

आपल्या या अनुभवाचा संशयी माणसापुढें पुरावा ठेवतां येणार नाहीं, हें गांधींनीं मोकळेपणानें मान्य केलें. मात्र सारें जग एकमुखानें उलट बोललें तरी आपली खात्री हलणार नाहीं, असेंहि त्यांनीं लिहिलें. त्याच लेखांत एक गोष्ट त्यांनीं जोडली, जी त्यांचे भक्त व टीकाकार दोघेहि बहुधा विसरतात: हा नाद प्रत्येकाच्या ठायीं असला, तरी तो ऐकूं येण्यास आधीं निश्चित अशी तयारी करावी लागते. अंतर्नादाची थोरवी सांगणारा माणूसहि साधनेची अट घालून ठेवतो, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

पण ती साधना फळली कीं नाहीं, हें पाहावयाचें कसें? उपवास सुखरूप पार पडला, म्हणून नाद खरा ठरत नाहीं. आणि दुर्दैवानें त्यांत प्राण गेला असता, तर तेवढ्यानें तो खोटाहि ठरला नसता. येथें भाऊ कोणत्या दिवशीं यावयाचा, हेंच ठरलेलें नाहीं. त्यांतून या खाजगी नादाचे परिणाम मात्र खाजगी राहिले नाहींत. उपवासाच्या निमित्तानें गांधींच्या सल्ल्यावरून कायदेभंगाची चळवळ सहा आठवडे तहकूब झाली. तेव्हां व्हिएन्ना येथें असलेल्या विठ्ठलभाई पटेल व सुभाषचंद्र बोस यांनीं त्यावर प्रखर टीका केली. ज्यांच्या कानांवर तो नाद पडला नव्हता, त्यांनाहि त्याच्यामागून चालावें लागलें. श्रद्धेचा प्रांत म्हणून अशा कौलाला मान द्यावा; परंतु शल्यवैद्याच्या कौलाबरोबर त्याला एका तागडींत घालूं नये.

तिघांनाहि आपल्या निर्णयाची खात्री वाटली असेल. खात्रीच्या तीव्रतेवरून पाहिलें, तर तिसऱ्या प्रसंगींची सर्वांत बळकट. आणि नेमका येथेंच सामान्य माणूस फसतो. कानेमन व क्लाइन हे मुळांत दोन विरुद्ध पक्षांचे पंडित. क्लाइन अनुभवी माणसांच्या स्फूर्तीचे चाहते, तर कानेमन तिच्या चुका मोजणारे. दोघांनीं कित्येक वर्षें एकत्र विचार करून २००९ सालीं एक लेख लिहिला, आणि त्यांचें बहुतेक बाबतींत एकमत झालें. त्यांच्या मतें स्फूर्तीवर भिस्त ठेवण्यास दोन गोष्टी लागतात. ज्या क्षेत्रांत निर्णय घ्यावयाचा, तेथें कार्यकारणाचा कांहीं स्थिर नियम असला पाहिजे; आणि तो नियम अंगीं मुरण्याइतका सराव, चूक-बरोबर यांची खबर वेळच्या वेळीं मिळत असतां, झालेला पाहिजे. माणसाला स्वतःविषयीं वाटणारा विश्वास या दोहोंपैकीं एकाचीहि जागा घेऊं शकत नाहीं. शेअरबाजारांत कोणता भाव उद्यां चढेल, किंवा दहा वर्षांनीं देशांत कोणाचें राज्य असेल, याविषयीं पंडितांना वाटणारी खात्री म्हणूनच फारशी कामाची नसते. तेथें अनुभव वर्षांनीं वाढतो. शहाणपण त्या मानानें वाढत नाहीं.

आणखी एक धोका असा कीं, ओळख पटविणारें मन पूर्वग्रहहि तितक्याच वेगानें पुढें करतें. १९९९ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क शहरांत अमादू दियालो नांवाचा तरुण आपल्या घराच्या दारांत उभा होता. साध्या वेषांतल्या चार पोलिसांना तो संशयित वाटला. त्यानें खिशांतून पाकीट काढलें; त्यांना तें पिस्तूल दिसलें. कांहीं सेकंदांत एक्केचाळीस गोळ्या झाडल्या गेल्या आणि निःशस्त्र दियालो मेला. ग्लॅडवेल यांनीं आपल्या पुस्तकांत या घटनेची सविस्तर चिकित्सा केली आहे. भीतीनें आणि घाईनें मन आंधळें झालें, म्हणजे तें समोरचा माणूस पाहत नाहीं. आपल्या मनांतलें चित्रच पाहतें. पोलिसांना त्या क्षणीं वाटलेली खात्री आगीच्या बंबावरील नायकाच्या खात्रीहून कमी नसेल; दोन खात्र्यांच्या पाठीमागचें शिक्षण मात्र अगदीं वेगळें होतें.

घरगुती व्यवहारांत हा विवेक सहज लावतां येतो. तापलेल्या नातवाच्या कपाळावर हात ठेवून आजी ताप किती तें सांगते. तिनें पन्नास वर्षें हात ठेवला आहे आणि तापमापकाचा पारा लगेच तिला दुरुस्त करीत आला आहे. तिच्या हातावर पुष्कळ विसंबतां येतें. तीच आजी मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमांत पोह्यांची बशी संपण्यापूर्वीं मुलीचा स्वभाव सांगते. ती खात्रीहि तेवढीच पक्की असते. पण येथें तिला कोणता पारा दुरुस्त करणार? नाकारलेल्या मुली पुढें किती चांगल्या निघाल्या, हें तर तिला कधींच कळत नाहीं. नोकरीसाठीं उमेदवार निवडणाऱ्या साहेबाचीहि हीच गत. त्यानें घेतलेलीं माणसें त्याला दिसतात. दाराबाहेर परत गेलेलीं दिसत नाहींत. त्यामुळें आपली पारख कधीं चुकत नाहीं, असा त्याचा समज सुखानें टिकून राहतो.

मग अशा ठिकाणीं मनाला काय वाटतें तें अगदींच सोडून द्यावें काय? यावर कानेमन यांनीं आपल्या तरुणपणची एक हकीकत सांगितली आहे. १९५० नंतरच्या दशकांत इस्रायलच्या सैन्यांत नवीन शिपायांच्या मुलाखतींची पद्धति सुधारण्याचें काम त्यांच्याकडे आलें. मुलाखत घेणारे पहिल्या भेटींतच एकंदर मत बनवीत, आणि तें मत फारसें खरें ठरत नसे. कानेमन यांनीं त्यांना सांगितलें कीं, नियमितपणा, मिळूनमिसळून वागणें असे कांहीं गुण एकेक घेऊन, त्यांविषयीं ठराविक वस्तुस्थितिदर्शक प्रश्न विचारावेत व प्रत्येकाला वेगळे गुण द्यावेत. मुलाखत घेणारे चिडले; आपल्याला यंत्रें करून टाकलें, असें त्यांना वाटलें. तेव्हां त्यांच्या समाधानासाठीं शेवटीं एक सवलत ठेवली: सगळे आंकडे लिहून झाल्यावर डोळे मिटावे, तो शिपाई म्हणून कसा होईल तें मनाशीं पाहावें आणि एक आंकडा लिहावा. पुढें पडताळा पाहिला, तेव्हां नवीन पद्धति जुनीहून पुष्कळ बरी ठरली. आणि आश्चर्य असें कीं, डोळे मिटून दिलेला तो आंकडाहि इतर सर्व गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. सुरुवातीला कुचकामी ठरलेलें तेंच मन, शिस्तीनें पाहणी झाल्यानंतर विचारलें, तेव्हां कामाचें ठरलें. मनुस्मृतीनें मनाच्या समाधानाला चौथें स्थान दिलें, तें याच अनुभवाशीं जुळतें.

म्हणून वाचनमंडळांतल्या त्या दोन पक्षांना एकमेकांशीं भांडण्याचें फारसें कारण उरत नाहीं. निर्णय लवकर झाला कीं उशिरां, हा प्रश्न दुय्यम आहे. मनानें कौल दिला, म्हणजे त्याला तीन गोष्टी विचाराव्या. हें काम पूर्वीं किती वेळां केलें आहे? प्रत्येक वेळीं चुकलें कीं बरोबर आलें, हें कळलें होतें काय? आणि आज चूक झाली, तर तिचें फळ कोणाला भोगावें लागेल? पहिल्या दोहोंचें उत्तर समाधानकारक असेल, तर ससूनमधल्या शल्यवैद्याप्रमाणें त्वरेनें पुढें व्हावें. तेथें विलंब हाच अपराध. अनुभव नसेल पण अभ्यास असेल, तर त्या अभ्यासाला धरून राहावें. दोन्हीहि नसतील आणि फळ दुसऱ्याच्या वांट्याला यावयाचें असेल, तर कौल कितीहि गोड वाटला तरी थांबावें. निदान एक रात्र जाऊं द्यावी आणि सकाळीं एखाद्या विरुद्ध मताच्या माणसाशीं बोलावें.

भाऊ उद्यां येणार असें म्हणणारी ती मुलगी कदाचित् मनांतल्या मनांत पुष्कळ कांहीं मोजून बसली असेल. मागच्या वर्षीं तो याच दिवसांत आला होता. आईनें आज डबे खालीं काढले आहेत. बाबा सकाळपासून दोनदां वाटेकडे पाहून आले आहेत. तिला यांतलें एकहि कारण सांगतां येणार नाहीं. पण उद्यां संध्याकाळीं दारांत उभी राहून ती वाट पाहील, आणि भाऊ न आल्यास पुढच्या वेळीं तिचें मन थोडें अधिक जपून बोलेल.